खुणेचा शब्द

कुही
३ फेब्रुवारी २०२५

माया,
सप्रेम जय भीम.

तू म्हणशीन, घरात फोन असताना दादा पत्र काहून लिहून राहिला. तर फोन रीनाच्या कपाटात आहे, कुलूप लावून. मीच ठेवाले लावला. रीना म्हणे, "बाबा, फोननं काय केलं? जे केलं ते तुम्ही केलं." सून आहे, खरं बोलते, पण खरं बोलायचीही एक वेळ असते ना वं. आता पत्रच लिहीन. तेहतीस वर्षं मी कुहीतल्या लोकायचे पत्र वाटले, माह्या स्वतःच्या नावाचं कधी आलं नाही. इथं नवीन पोस्टवाली पोरगी आली आहे, तिले सांगून ठेवलं की नागपूरचं पत्र आलं तर आधी माह्याच दारात ये. माह्या लिहिण्यात चुका असन. तू शाळेतली बाई, लाल पेन काढू नको.

परवा रीनाच्या फोनवरून बोललो तेव्हा तू घाईत होती. म्हणून सगळं बैजवार लिहितो.

मागच्या मंगळवारी दुपारी जेवण करून खाटेवर टेकलो होतो. तुह्या मेलवरून निरोप आला. "दादा, माझं खातं अडकलं, तुझ्या फोनवर सहा आकडे येतील ते लगेच पाठव." मी काही येडा नाही माया. मनिऑर्डर देताना मी रोजच्या ओळखीच्या म्हातारीलेही विचारत जाव, आजी तुह्या नवऱ्याचं नाव काय. लोक हासत, पण मी विचारल्याशिवाय पैसा सोडला नाही. तसंच तुलेही विचारलं. लिहिलं, खुणेचा शब्द सांग.

बाबा गिरणीत पाळीवर असले की आपल्याले शाळेतून आणाले कोणालेही धाडत. ज्याच्या तोंडून तो शब्द निघन त्याच्याचसंगं जायचं, नाहीतर फाटकाशी बसून राहायचं. आई गेली, बाबा गेले, आता तो शब्द जगात दोघांलेच ठाऊक, तुले अन् मले. तोंडानं सांगायचा, कागदावर उतरवायचा नाही, हे बाबांचं सांगणं होतं. म्हणून आत्ताही लिहून नाही राहिलो.

तर समोरून शब्द आला. बरोबर आला. मी सहा आकडे देऊन टाकले. चहा व्हायच्या आत माहं खातं माहं नाही राहिलं. पेन्शन पोस्टात आहे, पासबुकावर, तिथंवर त्याचा हात नाही पुरला. पण त्या खात्यात बाबांचा आवाज होता वं. आंबेडकरी जलशात गायलेले तीन गाणे. कॅसेटले बुरशी लागली होती, सीताबर्डीच्या दुकानवाल्यानं शेवटची एकदा वाजवली, त्यातच उतरवून घेतलं, अन् फीत तुटली. तेवढंच एक ठिकाण होतं. रीनानं चार दिवस खटपट केली, तक्रारही दिली. काही उघडलं नाही. सगळे कुलूप त्यानं बदलून टाकले.

चूक माही. मले माफ कर. तो तुह्याही बापाचा आवाज होता अन् मी एकट्यानं घालवला.

दोन गोष्टींचं उत्तर लिही. एक, तो शब्द तू कधी कोणाले दिला तर नाही? दोन, मी तुले गाण्यांचा दुवा पाठवला होता, तू ऐकले म्हणाली होती. तुह्या फोनमध्ये उतरवलेले असन काय?

तुहा दादा
प्रेमानंद


मनीषनगर, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, पाकिटावरचा पत्ता पाहूनच ओळखलं. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला पत्र म्हणजे काय ते माहीतच नाही, तो ते विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात घालून बसला होता.

तू असा जिवाला लावून घेऊ नकोस. आजकाल हे रोजचं झालं आहे. माझा मेल कोणीतरी उघडला, तिथून तुला निरोप गेला. मी लगेच पासवर्ड बदलला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं. मोठ्या मोठ्या कंपन्यांकडून लोकांची माहिती फुटते, त्यात तुझा-माझा काय पाड. आमच्याच इमारतीतल्या कुसुमताईंना विजेचं बिल थकलं म्हणून फोन आला आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. मी महिला मंडळात फळ्यावर लिहून दिलं होतं की ओटीपी म्हणजे घराची किल्ली, पोटच्या पोरालाही द्यायची नाही. तरी बाई फसल्या. मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले, आता वाईट वाटतं.

शब्दाचं विचारलंस. नाही रे. मी कोणाला सांगणार?

गाणी फोनमध्ये उतरवलेली नव्हती. राहून गेलं.

तू माफी मागू नकोस. वहिनीला जय भीम सांग, तिच्या गुडघ्याला तेल लावत जा म्हणावं.

तुझी
माया


कुही
२ मार्च २०२५

माया,
जय भीम.

पत्र पोचलं. तू कोणाले सांगतला नाही म्हणतेस, मग प्रश्न मिटला. माह्या खात्यातून काही फुटलं असन तर असन. म्हणजे दोन्हीकडून मीच.

तू माफी मागू नको म्हणते, पण मनाले समजत नाही. सकाळी दाढी करताना बाबांचा आवाज फोनवर लावून ठेवायची सवय लागली होती. आता आरशासमोर बसलो की हात थांबून जाते. तुही वहिनी म्हणते, दाढी वाढवा मग. तिची थट्टा चालू राहते, तिच्यानंच घर चालू आहे.

एक काम हाती घेतलं. दोनशे पानाची वही आणली अन् तिन्ही गाणे आठवून लिहून राहिलो. आवाज गेला तर निदान शब्द राहतील. पहिलं गाणं पूर्ण झालं. दुसऱ्यात एक ओळ मागेपुढे झाली, ती सावरली. तिसरं तुह्यासाठीचं. तुले पाचव्या वर्गात घातलं तेव्हा बाबांनी बांधलं होतं.

भोंगा झाला, बाप निघाला, भाकर बांध गं पोरी,
पाटी घेऊन आलो तुले, सोड बकरीची दोरी.

पुढचे दोन कडवे आहेत माह्यापाशी. शेवटचं कडवं जाम आठवत नाही. चाल डोक्यात आहे, पेटीचे सूर वर चढतात तेही ऐकू येतात, पण तोंडात शब्दच येत नाही. मी तेवढ्या वेळा ऐकलं, पण ऐकता ऐकता गाल घासत होतो, ध्यान कोठं होतं. तू दुवा उघडून ऐकलं होतं, अन् गाणं तुह्यावरच आहे. तुले आठवन. लिहून धाड वं बाई, एवढा उपकार कर. माह्या हातून जे गेलं त्यातलं थोडं तरी भरून निघन.

दादा


मनीषनगर
९ मार्च २०२५
(हे पत्र लिहिलं, टाकलं नाही)

दादा,

तू माफी मागणं थांबव रे. चूक माझी आहे.

तुला माहीत आहे मी बाबांच्या पेटीचं सारखं विचारत असते. बाबा दवाखान्यात होते तेव्हा शेवटच्या आठवड्यात तीच मागत होते. "पेटी आणा गा माही, एकदा बोटं ठेवू द्या." तू उशाशी उभा होतास. म्हणालास, "आणतो बाबा, भंडाऱ्याच्या मंडळाकडे आहे, माणूस धाडला." बाबा दाराकडे पाहत राहिले, माणूस काही आला नाही. ते मला कधी विसरता आलं नाही. नोकरीत होते तोवर वेळ नव्हता. निवृत्त झाले आणि जुन्या वस्तूंचे लिलाव ऑनलाइन होतात हे कळलं, तेव्हापासून रोज सकाळी चहा घेऊन पेट्या बघत बसायची. भंडाऱ्याकडचा कोणीतरी ती कधीतरी विकायला काढेल, असं वाटायचं. तुला सांगितलं नाही, तुला अचानक दाखवायची होती.

जानेवारीत एक दिसली. तीच वाटली. एक काळी पट्टी नंतर बसवलेली, रंग जरा वेगळा. मी बोली लावली. शेवटच्या दिवशी सकाळपासून फोन हातातून खाली ठेवला नाही. आणि शेवटी कोणीतरी माझ्यावर बोली चढवून पेटी घेऊन गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खोटं काहून बोलू.

अर्ध्या तासात मेल आला. पहिला ग्राहक मागे हटला, तुम्हाला दुसरी संधी आहे, पंधरा मिनिटांत ओळख पटवा. खाली दुवा होता. दाबला तर तेच पान, तोच निळा पट्टा, तोच पेटीचा फोटो, कोपऱ्यात लाल घड्याळ उलटं पळत होतं. म्हणे, तुमच्या मेलचा पासवर्ड टाका. एरवी मी दहा बायकांना सांगितलं असतं की लिलाववाल्याला तुमच्या मेलचा पासवर्ड कशाला लागतो? निरोपातल्या दुव्यावर बोटच ठेवायचं नाही, साइटचा पत्ता आपण स्वतः टाइप करून आत जायचं आणि तिथे खरंच निरोप आहे का बघायचं. सगळं येत होतं मला. घड्याळात सात मिनिटं उरली होती आणि मी टाकला पासवर्ड. नंतर चष्मा लावून पाहिलं तर साइटच्या नावात एक अक्षर जास्त होतं. शाळेत मी पोरांच्या वहीतली वेलांटीची चूक चार बाकांवरून पकडायची.

आणि पासवर्ड काय होता? आपला शब्द होता दादा. इंग्रजी अक्षरांत, पुढे बाबांच्या दीक्षेचं साल. मला वाटलं हा जगात कोणालाच सुचणार नाही. म्हणून सगळीकडे तोच ठेवला होता, मेललाही, लिलावालाही. बाबांनी लिहू नका म्हटलं होतं. टाइप करणं म्हणजे लिहिणं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

तू खूण विचारलीस आणि चोराने त्याच्याकडे असलेला एकच गुप्त शब्द, माझा पासवर्ड, तुझ्यापुढे ठेवला. तू अगदी बरोबर वागलास. बाबांनी शिकवलं तसंच वागलास.

हे मी तुला कसं


मनीषनगर
११ मार्च २०२५

दादा,
जय भीम.

घाईत लिहिते आहे, लेकीच्या सासरची मंडळी येणार आहेत, घर आवरायचं आहे. शेवटचं कडवं मलाही आठवत नाही रे. वय झालं आपलं. आठवलं तर कळवीन. तू वही लिहितो आहेस हे फार चांगलं. प्रकृतीला जप.

माया


कुही
२० एप्रिल २०२५

माया,
जय भीम.

महिना उलटला, तुहं पत्र नाही. गुंजनच्या सासरचे लोक अजून गेले नाही काय? का तू माह्यावर रागावली? रागावली असशीन तर हक्क आहे तुहा. पण रागाचंही एक पत्र टाकत जा ना. पोस्टवाली पोरगी रोज लांबूनच मान हलवते, मले समजून जाते.

चौदा एप्रिलचं सांगतो. विहारात दरवर्षी मी बाबांचं एक गाणं लावत होतो, स्पीकरले फोन जोडून. औंदा सगळे वाट पाहून राहिले. लहानू उठला अन् म्हणाला, "प्रेमानंदभाऊ, रामाजीबुवांचं लावा." तुले लहानू आठवन, जलशातल्या ढोलकीवाल्याचा पोरगा, आता त्यालेच नातू झाला. मी उठलो. म्हटलं, आवाज गेला, माह्या हातून गेला, एका चोराले मी दार उघडून दिलं, तुम्ही सगळे मले माफ करा. मग मीच गायलो. तिसरं गायलो, तुह्यावालं. दोन कडवे झाले अन् थांबलो. शेवटचं नव्हतंच तर काय गाऊ. लोकांले वाटलं माहा गळा भरून आला. बायका डोळे पुसू लागल्या, मले बसवलं, सरबत दिलं. लहानू म्हणाला, कोणाकडूनही होते भाऊ.

पण घरी येताना दोन म्हातारे बोलत होते ते कानावर पडलं. "पोस्टात होता ना हा? लोकायची अमानत सांभाळणारा?" काही चुकीचं नाही बोलले.

तुले हे सांगून मन हलकं करून राहिलो. तू नाही तर कोणाले सांगू?

तुहा
दादा


मनीषनगर
६ मे २०२५

दादा,

जय भीम म्हणायलाही जीभ उचलत नाही आज.

सोबत एक पत्र जोडलं आहे, ९ मार्चचं, अर्धवट. आधी ते वाच. मग हे पुढचं वाच.

वाचलंस? तर आता तुला कळलं की विहारात तू जी माफी मागितलीस ती माझी होती. मी इथे मनीषनगरात पंख्याखाली बसले होते आणि तू तिकडे चार लोकांत उभं राहून माझ्या चुकीसाठी हात जोडत होतास. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कुसुमताईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर त्यांना बोलले होते ना मी. त्या म्हणाल्या, "मला सांगून काय फायदा बाई, भावाला सांगा." आणि चहा ठेवला. मला वाटलं होतं त्या हसतील.

का लपवलं? भीती काही नव्हती, तू मारणार थोडाच होतास. लाज वाटली. आयुष्यभर मी तुला शिकवत आले. फॉर्म असा भर, खातं असं उघड, ओटीपी देऊ नकोस. तूही म्हणायचास, आमची माया हुशार. तेवढं एक तुझ्या तोंडून जायला नको होतं. पहिल्या पत्रात तू विचारलंस तेव्हा "नाही" लिहिलं, आणि एकदा लिहिल्यावर दुसऱ्या पत्रात त्याच्या मागे लपणं सोपं झालं.

तो शब्द आता लिहून टाकते. तसाही तो बाजारात गेलाच आहे. ढेमसं. आपल्या दोघांना ढेमशाची भाजी बघून ओकारी यायची, म्हणून बाबांनी मुद्दाम तोच ठरवला होता. म्हणायचे, पोरं चोरून नेणारा माणूस आंबा म्हणेल, पेढा म्हणेल, ढेमसं कोणी म्हणायचा नाही. बघ, कोणीतरी म्हणाला.

अजून एक आहे. ते ९ मार्चच्या पत्रातही लिहायची हिंमत झाली नव्हती. दादा, मी गाणी ऐकलीच नव्हती. तू दुवा पाठवलास, मी "ऐकली, छान आहेत" असं कळवलं. एकदाही उघडला नाही. बाबांचा आवाज कानावर पडला तर दवाखान्यातला तो आठवडा परत येईल, असं वाटायचं. म्हणायचे, आधी पेटी मिळू दे, मग पेटी समोर ठेवून ऐकीन. दीड वर्ष ती गाणी माझ्यापासून एका बोटाच्या अंतरावर होती. माझ्यावरचं गाणं होतं आणि मी ते ऐकलं नाही. आता शेवटचं कडवं जगात कोणालाच माहीत नाही, आणि तू मला विचारतोस, तुला आठवेल.

तुझ्यासमोर यायचं तोंड नाही. म्हणून पत्र. तू बोल, शिव्या दे, वहिनीला सांग, विहारात सांग. तू जे म्हणशील ते मी ऐकून घेईन.

माया


कुही
१ जून २०२५

माया,
सप्रेम जय भीम.

तुह्या पत्राले उत्तर द्यायले पंचवीस दिवस लागले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. वहिनी म्हणाली, कागद महाग झाला.

मले ठाऊक होतं. पहिल्याच दिवसापासून.

चोरानं जो शब्द पाठवला त्याच्यापुढे छप्पन होतं. इंग्रजीत ढेमसं अन् चिकटून छप्पन. त्या वेळी मी शब्द पाहिला अन् खूश झालो, आकड्याकडे ध्यान नाही दिलं. नंतर शब्द न सांगता रीनाले विचारलं, शब्दाले चिकटून आकडा काहून असन, तर ती पटकन म्हणाली, "बाबा, हा तर कोणाचा तरी पासवर्ड आहे." खुणेच्या शब्दाले आकडा कशाले लागते? तिले मी पुढं काही बोललो नाही. पण मले समजून गेलं की हा तूच कोठंतरी लिहिला.

तरी तुले सरळ नाही विचारलं. गोल फिरवून विचारलं, कोणाले दिला तर नाही? तू "नाही" लिहिलं. तिथून मी राग धरला. मग माफीचे पत्र लिहू लागलो. दर पत्रात तुह्यापुढे हात जोडत होतो अन् पाहत होतो, आता सांगन, आता सांगन. विहारातही उभा राहिलो तेव्हा अर्धं मन गाण्यात होतं अन् अर्धं मन, हे मायाले लिहून कळवीन तर ती कशी राहते पाहू, यात होतं. वाईट केलं मी. फसवून खरं काढत होतो तुह्याकडून. त्या चोरानं मले जसं केलं तसंच मी तुले केलं, पायरी पायरीनं.

हे सगळं फेब्रुवारीतच लिहून मोकळा झालो असतो. तुले चार शब्द बोललो असतो, तू रडली असती, दोघं मिळून तक्रारीमागे लागलो असतो. तुहं ते नऊ मार्चचं पत्र वाचलं अन् राग गेला. पण राग गेल्यावर खाली दुसरंच निघालं. म्हणून पंचवीस दिवस लागले.

माया, पेटी भंडाऱ्याले कधी गेलीच नव्हती.

१९८५ चा पावसाळा. मी इथं कुहीत नवीन होतो, कवेलूच्या छपराच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. बाबांकडून पेटी मागून आणली, शिकतो म्हटलं. पाच दिवसांसाठी लग्नाले गेलो, पेटी खिडकीखाली उघडी सोडून. परत आलो तर कवेलू सरकलेले, पाणी सरळ पेटीवर. भाता कुजला, पट्ट्या फुगून वर आल्या, वास मारत होता. भर नागपुरात दुरुस्त करणारे होते, पण घेऊन गेलो असतो तर बाबांले समजलं असतं. मले भीती वाटली. लाजच म्हण. फोडली अन् अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत घातली. चार दिवस पुरली. घरी सांगतलं, भंडाऱ्याच्या जलसा मंडळाले वापराले दिली. बाबा म्हणाले, चांगलं केलं, वाजत राहीन.

दवाखान्यात त्यांनी मागितली तेव्हा मी आणतो म्हणालो. कोणताही माणूस धाडला नव्हता. कोठं धाडणार? ते दाराकडे पाहत होते ते मीही पाहिलं. तू एका बाजूनं उभी होती, मी दुसऱ्या.

सदतीस वर्षं तू विचारत आली, दादा भंडाऱ्याकडून काही कळलं काय. मी म्हणत आलो, ते मंडळ मोडलं, शोधू. मले वाटे, विचारून विचारून सोडून देशीन. तू रोज सकाळी चहा घेऊन फोनवर पेटी शोधत बसशीन, हे माह्या डोक्यातही आलं नाही. तुले मी एक ओळ लिहिली असती की बाई, पेटी जळाली, तर तू त्या लिलावात गेलीच नसती. तो दुवा उघडला नसता, शब्द गेला नसता, आवाज गेला नसता. तुही चूक सात मिनिटांची. माही किती ते तूच पाहा.

मी वहिनीलेही हे आजवर नव्हतं सांगतलं. काल सांगतलं. तिनं ताट वाढलं अन् समोर बसून राहिली.

माफी मागत नाही. औंदा खोट्या माफ्या एवढ्या मागितल्या की आता खरी मागताना ती कशी असते तेच समजून नाही राहिलं.

प्रेमानंद


मनीषनगर
९ जून २०२५

दादा,
जय भीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात घेतलं नाही.

राग आला. बाबांच्या आवाजाचं नुकसान मी केलं, तरी राग आला. मी काल गुंजनवर ओरडले, वॉचमनवर ओरडले, मग बाहेर जाऊन बसले. बाबा दाराकडे पाहत होते ते सारखं डोळ्यांपुढे येतं, आणि आता त्यांच्यासोबत तूही दिसतोस, उशाशी, काहीच न बोलता. तीस वर्षांचा होतास तेव्हा. तुझीही कीव येते, आणि कीव आली की आणखी राग येतो.

माफ केलं असं लिहिता येत नाही मला अजून. तूही लिहू नकोस.

रविवारी सकाळच्या बसने येते. वहिनीला सांग, ढेमसं सोडून काहीही कर. स्टँडवर घ्यायला ये. आणि जे काय आहे ते आपण जेवायच्या आधी बोलू. नंतर बोलू म्हटलं की आपण बोलत नाही.

माया